जिद्दीच्या कथेतून गळालेली माणसे

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांच्या पानांवर एक ठरावीक मजकूर अवतरतो. हमालाचा मुलगा, धुणीभांडी करणाऱ्या विधवेची मुलगी, दारूड्या बापाच्या घरातून उठून उत्तम गुण मिळवलेला एखादा विद्यार्थी. त्यांची छायाचित्रे, त्यांच्या डोळे पुसणाऱ्या आया, आणि खाली जाड ठशात ‘परिस्थितीवर मात’ हे दोन शब्द. या मुलांचे कौतुक व्हावे तितके थोडेच. परंतु हे कौतुक करता करता वाचकाच्या गळी हळूच एक सिद्धान्त उतरवला जातो आणि त्याची चिकित्सा मात्र कोणी करीत नाही. इच्छा असेल तर कोणीही वर येऊ शकतो, असा हा सिद्धान्त. त्याचा उलटा अर्थ उच्चारला जात नाही, पण तो सर्वांना पोहोचतो : जो वर आला नाही त्याची इच्छाच कमी पडली. समाजव्यवस्थेच्या माथी असलेला दोष अशा रीतीने दहा-बारा वर्षांच्या पोराच्या माथी येतो, आणि व्यवस्था हार घेऊन सत्काराला हजर राहते.

या सिद्धान्ताची परीक्षा करायची तर महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या एका मोठ्या उदाहरणापासूनच करावी. कवी नारायण सुर्वे यांचे बालपण हे ‘परिस्थितीवर मात’ या शब्दप्रयोगाचे जणू मूर्तिमंत रूप मानले जाते. १९२६ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडले. त्याने ते घरी आणले. गंगाराम आणि त्याची पत्नी काशीबाई हे दोघेही गिरणीत राबणारे. या जोडप्याने त्या मुलाला आपले नाव दिले, चाळीतल्या खोलीत वाढवले आणि शाळेत घातले. मूल चौथीपर्यंत शिकले. १९३६ च्या सुमारास गंगाराम काम सोडून कोकणात गावी निघून गेला आणि जेमतेम दहा वर्षांचा मुलगा पुन्हा एकदा रस्त्यावर आला. त्यानंतर घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, दूध टाकणारा मुलगा, हमाल, गिरणीतला कामगार अशी पोटासाठी करता येतील ती सारी कामे त्याने केली. पुढे महापालिकेच्या शाळेत शिपायाची नोकरी मिळाली. त्या नोकरीत राहून त्यांनी शिक्षण पुरे केले आणि ते शिक्षक झाले. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला, १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’ आणि १९७५ मध्ये ‘जाहीरनामा’. १९९५ मध्ये परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आले. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्यांच्या जिद्दीचे गोडवे गायिले.

गोडवे खरेच होते. परंतु या जीवनकथेत जिद्दीखेरीज आणखी कोण कोण आहे, हे एकदा मोजून पाहिले पाहिजे. पहिली माणसे म्हणजे गंगाराम आणि काशीबाई. ज्यांच्या स्वतःच्या ताटात पुरेसे पडत नव्हते अशा दोन कामगारांनी जात-गोत न विचारता एक अनोळखी जीव घरात घेतला. तान्ह्या मुलाला जिद्द नसते. त्याला दूध लागते. ते दूध दोन मजुरांच्या वेतनातून आले. दुसरी गोष्ट शाळा. फी भरण्याची ऐपत नसलेल्या पोराला अक्षर मिळाले आणि पुढे त्याच अक्षराने त्याला तारले. तिसरी गोष्ट महापालिकेची कायम नोकरी. दरमहा ठरल्या दिवशी मिळणारे वेतन कितीही तुटपुंजे असो, त्याने माणसाला उद्याचा विचार करण्याची सवड मिळते. रोजंदारीवरच्या माणसाला ती मिळत नाही. चौथी गोष्ट कामगार चळवळ. सभा, मोर्चे, पत्रके आणि वाचनालये यांतून गिरणगावातल्या तरुणाला स्वतःच्या दुःखाचा अर्थ कळला. ते दुःख त्याच्या एकट्याच्या नशिबाचे नसून एका वर्गाचे आहे, हे कळले. आणि पाचवी व्यक्ती म्हणजे कृष्णाबाई सुर्वे. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘मास्तरांची सावली’ असे आहे. या नावातच एका पिढीच्या स्त्रियांचा इतिहास सामावला आहे. सावलीत उभे राहून संसाराचा गाडा ओढणाऱ्या या स्त्रियांची नोंद जिद्दीच्या कथांत सहसा एका ओळीपलीकडे होत नाही.

दहाव्या वर्षी आलेल्या त्या दुसऱ्या पोरकेपणाकडेही अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. आयुष्यभर राबलेला कामगार म्हातारपणी गावी का परतला, हा प्रश्न माणसाच्या काळजाच्या कठोरपणाचा नाही. १९३६ साली गिरणी कामगाराला निवृत्तिवेतन नव्हते. कामगार राज्य विम्याचा कायदा व्हायला १९४८ साल उजाडले आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये झाला. अंगातले बळ सरले की मुंबईत क्षणभरही टिकाव लागणे शक्य नव्हते. कोकणातली घराची पडवी आणि गुंठाभर जमीन हेच त्या कामगाराचे निवृत्तिवेतन होते. जे मूल आईने टाकले असे लोक म्हणतात, आणि जे पालकाने मागे ठेवले असे चरित्रकार लिहितात, त्या मुलाला वस्तुतः एका निर्दय अर्थव्यवस्थेने दोनदा उघड्यावर टाकले होते. या वास्तवाला ‘कठीण परिस्थिती’ असे मोघम नाव दिले की कारणाचा शोध तेथेच संपतो.

अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १९२० मध्ये वाटेगावी मांग समाजात त्यांचा जन्म झाला. हा समाज ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जाचाखाली भरडला जात होता. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु ती दीड दिवसात का संपली, हे सांगताना अनेकांची वाणी अडखळते. ती बुद्धीच्या अभावी संपली नाही, जातीच्या तिरस्कारामुळे संपली. कुटुंबासह पायी मुंबई गाठलेल्या त्या मुलाला अक्षरओळख झाली ती शहराच्या रस्त्यांवरील पाट्या वाचून आणि कामगार वस्तीतल्या सोबत्यांच्या मदतीने. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचा सहवास लाभला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. शाळेने नाकारलेल्या मुलाला चळवळीने शाळा दिली. लेबर कॅम्प नसता, तेथे दिवसभराचे काम संपवून बैठका घेणारे कार्यकर्ते नसते, तर ती प्रतिभा विझली असती आणि ती विझल्याचे कोणाला कळलेही नसते.

आणि नेमका हाच मुद्दा आहे. विझलेल्या प्रतिभांची गणती होत नाही. सुर्व्यांबरोबर त्याच फुटपाथवर झोपणारी इतर मुले होती. अण्णाभाऊंबरोबर वाटेगावाहून आणि तशाच शेकडो गावांहून निघालेली इतर मुले होती. ती सारी कमी जिद्दीची होती, असे कोण म्हणू शकेल? बारा तास कपबश्या विसळून पुन्हा दुसऱ्या दिवशी पहाटे उठणाऱ्या पोराला जिद्द शिकविण्याची गरज नसते. जिद्द गरिबांच्या घरी मुबलक आहे; दुर्मिळ आहे ती संधी. तरून गेलेल्यांच्याच मुलाखती घेऊन नदीला उतार आहे असे जाहीर करणे, हा तर्कशास्त्राचा अपराध आहे. बुडालेल्यांना कोणी विचारत नाही, कारण ते उत्तर द्यायला काठावर आलेले नसतात.

दारिद्र्य माणसाला घडवते, असेही एक वचन व्याख्यानांतून ऐकू येते. ते पोटभर जेवलेल्यांचे वचन आहे. दारिद्र्य घर कसे मोडते, याची यंत्रणा समजून घेतली तर हा भ्रम टिकणार नाही. गरीब घराचे उत्पन्न नुसते कमी नसते, ते अनिश्चितही असते. गाठीला शिल्लक नसल्यामुळे एक आजारपण, एक अपघात, कामावरचा एक खाडा सबंध घराला कर्जात ढकलतो. कर्ज आले की धाकट्यांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा सुटते आणि चार पैशांसाठी थोरल्या मुलाची. कामावरून अपमानित होऊन आलेला पुरुष गुत्त्यावर थांबतो, आणि घरी आल्यावर त्या अपमानाची भरपाई बायकोमुलांकडून वसूल करतो. त्या पुरुषाचा अपराध यामुळे कमी होत नाही. मार खाणाऱ्या स्त्रीला त्याच्या हलाखीचे शास्त्रीय विवेचन ऐकवणे हा क्रूरपणाच ठरेल. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण हवे आणि २००८ च्या नियमानुसार मतदान घेऊन वस्तीतले दारूचे दुकान बंद पाडण्याचे बळ हवे. परंतु घराघरांतून एकाच वेळी तेच घडू लागते, तेव्हा कारण घराबाहेर शोधावे लागते.

गिरणगावाने ते १९८२ नंतर पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतल्या फार मोठ्या संख्येला पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकायला मिळाला नाही. त्या काळात चाळीचाळींतून भांडी विकली गेली, मुलांची शाळा सुटली, तरुण पोरे टोळ्यांच्या हाती लागली, आणि कित्येक घरे स्त्रियांनी खानावळीचे डबे करून व घरोघरची कामे धरून उभी ठेवली. ज्या बापाने कालपर्यंत मानाने पगार घरी आणला तो बाप एका वर्षात बिघडला, असे मानायचे का? त्याच्या हातचे काम गेले आणि त्याबरोबर घराचा कणा गेला. पुढे गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीवर टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. ज्यांच्या श्रमावर त्या गिरण्या चालल्या त्यांची मुले त्याच इमारतींत पहारेकरी म्हणून उभी राहिली. या मुलांपैकी कोणी अधिकारी झाला तर त्याची बातमी होते. उरलेल्यांची बातमी होत नाही.

महाराष्ट्राच्या सुधारकांना हे सत्य दीडशे वर्षांपूर्वी उमगले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला दिवसाची शाळा उपयोगी नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह चालू केले. एका पंगतीला बसणाऱ्या त्या मुलांच्या पोटासाठी गावोगावच्या बायांनी रोज एक मूठ धान्य बाजूला काढले, आणि धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज काही मंडळी वैयक्तिक स्वावलंबनाचा आदर्श म्हणून पुढे करतात. त्यांनी थोडा विचार करावा. मुलाने कमवावे यासाठी काम कोणी दिले? शेत कोणाचे होते? निजायला छप्पर कोणी बांधले? त्या स्वावलंबनामागे एक संस्था उभी होती, आणि संस्थेमागे मुठीमुठीने धान्य देणारा समाज उभा होता. एकट्या मुलाला बाजारात सोडून ‘कमव आणि शीक’ म्हणणे याला योजना म्हणत नाहीत. त्याला बालमजुरी म्हणतात.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. सारे श्रेय संस्थेला आणि व्यवस्थेला दिले तर व्यक्तीच्या प्रयत्नाला किंमत काय राहिली? गरीब मुलाला ‘तू व्यवस्थेचा बळी आहेस’ एवढेच सांगत राहिले तर त्याच्या हातापायांतले त्राण जाईल. आक्षेपात तथ्य आहे. कोणतीही संस्था मुलाच्या वतीने अभ्यास करू शकत नाही. तशाच सोयी मिळालेल्या सगळ्यांनाच ‘माझे विद्यापीठ’ लिहिता आले नाही. परंतु शिडी आणि चढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चढण्याचे श्रेय चढणाऱ्याचे. शिडी ठेवण्याची जबाबदारी समाजाची. चढणाऱ्याचे कौतुक करून शिडी काढून नेणे हा जो व्यवहार चालला आहे, त्याला विरोध आहे.

शिडी काढून नेली जात आहे, हे म्हणणे अतिशयोक्त नाही. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघे बांधलेले. शाळेचे वर्ष अर्ध्यावर असताना मूल फडात जाते. तेथे कोपीत धाकट्याला सांभाळते, वाढे गोळा करते, आणि परतते तेव्हा वर्गातली मुले दोन इयत्तांइतकी पुढे गेलेली वाटतात. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची घोषणाही केली. घोषणा योग्य होती. परंतु वसतिगृह कागदावर मंजूर होणे आणि उसाचा हंगाम सुरू होण्याच्या दिवशी त्याची चूल पेटणे यांत जे अंतर असते, त्या अंतरात मुलांची वर्षे जातात. आईबाप ट्रकमध्ये बसल्यानंतर महिन्याने उघडणारे वसतिगृह त्या मुलाच्या दृष्टीने उघडतच नाही.

कायद्याच्या भिंतीलाही भोके आहेत. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. म्हणजे गरीब घरात मुलाच्या मजुरीला भाव येऊ लागतो आणि मुलीच्या लग्नाची कुजबूज सुरू होते, त्याच वयात हमी संपते. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या कामावर बंदी घातली, परंतु शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या व्यवसायाला ‘मदत’ करण्याची मुभा ठेवली. घरात मदत कोठे संपते आणि मजुरी कोठे सुरू होते, हे कोणता निरीक्षक रात्री जाऊन पाहणार? २०२३ मध्ये वीस वा त्याहून कमी पट असलेल्या राज्यातील चौदा हजारांहून अधिक शाळा समूह शाळांत विलीन करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. हिशेबनीस म्हणेल, वीस मुलांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत. परंतु ही वीस मुले कोणाची आहेत? वाडीची, तांड्याची, पाड्याची. शाळा तीन मैल लांब गेली की सर्वांत आधी मुलगी घरी बसते. सार्वजनिक खर्चाची बचत झाली असे जे दाखवले जाते, ती बचत नसते. तो खर्च त्या मुलीच्या आयुष्यावर टाकलेला असतो.

उलट, जेथे समाजाने हात दिला तेथे काय घडते, याचा पुरावाही याच भूमीत आहे. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप घेतलेली रोजगार हमी योजना शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसायकरावर पोसली गेली. गावाजवळ काम निघाले तेव्हा घर गावात राहिले आणि घर राहिले तेव्हा मूल शाळेत राहिले. तामिळनाडूने कामराजांच्या काळात, १९५० च्या दशकात, शाळेत जेवण सुरू केले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देशभरच्या शाळांत पोहोचले. शाळेतल्या खिचडीची थट्टा करणाऱ्यांनी उपाशी मुलाचा गणिताचा तास कधी पाहिलेला नसतो.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढचे काम स्पष्ट आहे, आणि ते भाषणांपेक्षा चिकाटीचे आहे. आपापल्या वस्तीत शाळेतून नाव गळालेल्या मुलांची यादी करावी. शाळेच्या पटावरून ती कळत नाही, घरोघर गेल्याने कळते. बाप वारलेला, तुरुंगात असलेला वा घर सोडून गेलेला असेल, आई असाध्य आजाराने खिळलेली असेल, तर अशा मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो, घराची चौकशी होते आणि बालकल्याण समिती निर्णय देते. निरक्षर विधवेला या तीन पायऱ्या डोंगरासारख्या वाटतात. तिच्याबरोबर एक माणूस गेला तर त्या चढता येतात. ऊस पट्ट्यात हंगामी वसतिगृह ट्रक निघण्याच्या आत सुरू व्हावे यासाठी पावसाळा संपण्यापूर्वीच पंचायत समितीवर धडक द्यावी. शाळा बंद करण्याचा कागद आला तर ग्रामसभेत ठराव घ्यावा. आणि शिक्षणाची हमी बारावीपर्यंत वाढवण्याची मागणी पुनःपुन्हा मांडावी, कारण चौदाव्या वर्षी तुटणारी शिडी ही शिडी नव्हे.

निकालाच्या दिवशी गरीब घरातल्या गुणवंतांचा सत्कार अवश्य करावा. परंतु त्या सत्कारात मुलाबरोबर त्याच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीला, रात्रशाळेच्या शिक्षकाला, आणि स्वतःची शाळा सोडून त्याला सांभाळलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीलाही व्यासपीठावर बसवावे. तिला विचारावे, तुला काय व्हायचे होते? तिच्या उत्तराने सभेत जी शांतता पसरेल, त्या शांततेपासून समाजवादाच्या कामाला आरंभ होतो.